शेत पड ठेवण्याचा सरकारी खंड



रोहिणीचा पाऊस लांबला आणि माणसे पारावर बसली की एक गोष्ट हमखास निघते. कोणी तरी म्हणतो, "अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला न पेरण्याचे पैसे देते." दुसरा म्हणतो, "मग आम्हीच काय घोडे मारले?" आणि सगळे हसतात. गोष्ट अर्धी खरी आहे. राहिलेली अर्धी समजून घेतली तर आपल्या बांधबंदिस्तीच्या कामीही ती उपयोगी पडेल, म्हणून हा पाठ.

पारावर दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ होते. भाव कोसळू नयेत म्हणून १९३३ पासून तेथील सरकार वेळोवेळी गहू, मका, कापूस यांचा पेरा कमी करायला लावी आणि त्याचा मोबदला देई. ती भावाची बाब होती, आणि दरसालचा पेरा कमी करण्याची ती रीत १९९६ च्या कायद्याने मोडीत निघाली. दुसरी बाब मातीची. जी जमीन नांगरली की वाऱ्याने उडते किंवा पावसाने वाहून जाते, ती सरकार दहा ते पंधरा वर्षांसाठी जणू खंडाने घेते. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, तीत पिकाऐवजी गवत किंवा झाडे वाढतात आणि मालकाला दरसाल एकरी खंड मिळतो. ही योजना १९८५ च्या शेती कायद्याने आली. तिचे इंग्रजी नाव कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. आपण तिला राखीव जमीन योजना म्हणू.

योजना कागदावर समजत नाही, गावात समजते. म्हणून एक ठिकाण घेऊ. ओक्लाहोमा राज्याचा नकाशा दांड्याच्या तव्यासारखा आहे. त्या दांड्याच्या अगदी पश्चिम टोकाला सिमरॉन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा कारभाराचा विभाग, आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा. सिमरॉनचे क्षेत्र सुमारे पावणेपाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त. आणि एवढ्या मुलखात २०२० च्या जनगणनेत माणसे किती, तर २,३०० च्या आत! आपल्याकडच्या एका मध्यम खेड्याची वस्ती. पाऊस वर्षाला सतरा-अठरा इंच, विजापूरकडच्यापेक्षाही कमी. सपाट माळ, आडोसा नाही, वारा मात्र बारा महिने.

या माळावर पूर्वी आखूड गवत होते आणि त्यावर रानगवे चरत. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने वस्तीला उत्तेजन दिले. १९०९ च्या कायद्याने एका कुटुंबाला ३२० एकरांपर्यंत कोरडवाहू जमीन मिळू शके. आपल्याला हा आकडा डोळे फिरवणारा वाटेल, पण इतक्या कमी पावसाच्या माळावर तेवढ्यात घर चालत नव्हते. मग माणूस काय करणार? होती नव्हती ती सगळी जमीन नांगरणार. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, पाठोपाठ ट्रॅक्टर आला, आणि शेकडो वर्षे मुळांनी विणलेले गवत पाच-दहा वर्षांत उलटे झाले. पुढे भाव पडला तेव्हा तीच रक्कम हाती यावी म्हणून शेतकऱ्याने आणखी नांगरट केली. १९३२ च्या सुमारास दुष्काळ सुरू झाला.

वाऱ्याने माती कशी जाते हे नीट पाहण्यासारखे आहे. सगळ्यात बारीक कण आपणहून सहज सुटत नाहीत. वाळूएवढा मध्यम कण वाऱ्याने उचलला जातो, हातभर पुढे जाऊन आपटतो आणि आपटताना बारीक धूळ उधळतो. ती धूळ मग आभाळात चढते. म्हणून एकाचे उघडे शेत उडू लागले की त्याची वाळू शेजाऱ्याच्या चांगल्या शेतावर आपटते आणि तेही उडू लागते. एकट्याने आपले शेत राखून भागत नाही, आणि एकट्याने पड ठेवले तर नुकसान त्याचे आणि फायदा शेजाऱ्याचा. सरकारी पैसा या कामात का लागला, याचे कारण या एका गोष्टीत आहे.

१४ एप्रिल १९३५ हा झावळ्यांचा रविवार होता. कित्येक आठवड्यांच्या धुळीनंतर त्या दिवशी सकाळी आभाळ निवळले होते, लोक बाहेर पडले होते. दुपारी उत्तरेकडून काळी भिंत चालून आली. भर दिवसा हाताला हात दिसेना. सिमरॉनचे मुख्य गाव बॉईज सिटी. तेथून निघालेली एक प्रेतयात्रा वाटेतच त्या अंधारात सापडली. गावाजवळच्या रस्त्यावर एक वार्ताहरही अडकला होता. त्याचे नाव रॉबर्ट गायगर. त्याने पाठवलेल्या बातमीतून या मुलखाला 'डस्ट बोल' म्हणजे धुळीचे वाडगे हे नाव पडले आणि ते इतिहासात राहिले. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकाराने सिमरॉनमध्येच काढलेले एक चित्र जगभर गेले: धुळीच्या लोटात वाळूने अर्धवट बुडालेल्या झोपडीकडे चाललेला बाप आणि त्याची दोन मुले.

आपल्या पानावर आरोग्याचाही विचार असतो, म्हणून एवढे सांगितले पाहिजे की नुकसान शेतापुरते नव्हते. त्या धुळीने छातीचा रोग होई. लोक त्याला धुळीचा न्यूमोनिया म्हणत. लहान मुले आणि म्हातारी माणसे त्यात दगावली. बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावत. रेड क्रॉसने तात्पुरते दवाखाने उघडले आणि तोंडावर बांधायचे मुखवटे वाटले. कोरड्या हंगामात मळणी करताना, भुसा भरताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधा असे मी सांगतो, ते उगीच नव्हे.

वॉशिंग्टनला ह्यू बेनेट नावाचा मातीचा जाणकार बरीच वर्षे कंठशोष करीत होता. त्या वसंतात या माळावरची धूळ हजारावर मैल उडत राजधानीपर्यंत गेली. आता नाकातच माती गेल्यावर पुढाऱ्यांना पटवायला फारसे बोलावे लागले नसावे! २७ एप्रिल १९३५ ला मृदसंधारणाचा कायदा झाला आणि बेनेट त्या खात्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्या वर्षीच्या कायद्यात माती खाणाऱ्या पिकांऐवजी माती राखणारी पिके घेणाऱ्याला पैसे द्यायचे ठरले. वाऱ्याला आडव्या रांगांनी १९४२ पर्यंत सुमारे बावीस कोटी झाडे लावली गेली. जी जमीन अगदीच हातची गेली होती ती सरकारने विकतच घेतली आणि गवताखाली आणली. सिमरॉनच्या दक्षिणेला आजही तसे सरकारी गवताळ रान आहे, रीटा ब्लँका नावाचे.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. १९५६ मध्ये 'सॉइल बँक' म्हणजे मातीची पेढी या नावाची योजना आली. शेतकऱ्यांनी जमीन काही वर्षे गवताखाली ठेवली, पैसे घेतले. करार संपत गेले. १९७२ मध्ये रशियाने अमेरिकेकडून प्रचंड गहू घेतला, भाव दुपटीने वाढले, आणि शेतीखात्यानेच हाक दिली की कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा. झाले! पैसे देऊन वाढवलेले गवत पुन्हा नांगराखाली गेले. वाऱ्याला अडवणाऱ्या झाडांच्या रांगाही पुष्कळ ठिकाणी तोडल्या, कारण मोठे ट्रॅक्टर आणि फिरते पाणी देणारी लांब यंत्रे त्यांच्या आड येत होती. बापाने लावलेली झाडे मुलाने काढली. त्याला दोष देणे सोपे आहे. पण कर्जाचा हप्ता मुलाला भरायचा होता, झाडांना नव्हे.

१९८५ ची योजना या अनुभवानंतर आली आणि तिच्यात बऱ्याच फटी बुजवल्या होत्या. शेतकरी काउंटीच्या कृषी कचेरीत जाऊन अर्ज करतो. त्या कचेरीवर देखरेख करणारी समिती शेतकऱ्यांनीच निवडलेली असते. अर्ज गुणांवर लागतात: जमीन किती धुपते, पाणी किती बिघडते, पाखरांना आणि रानटी जनावरांना आसरा किती मिळेल, आणि शेतकरी किती कमी खंडावर तयार आहे. त्या भागात कोरडवाहू जमिनीला चालू खंड किती, यावर सरकार वरची मर्यादा ठरवते. २०१८ च्या कायद्याने सर्वसाधारण भरतीसाठी ती काउंटीच्या सरासरीच्या ८५ टक्क्यांवर आणली, म्हणजे चांगली जमीन कोणी आळसाने पड टाकू नये. पहिल्या वर्षांत देशाची सरासरी एकरी पन्नास डॉलरच्या जरा आत होती, त्या वेळच्या भावाने सुमारे सहाशे रुपये. एका माणसाला वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर मिळत नाही. गवत लावण्याचा निम्मा खर्च सरकार सोसते. आणि करार मधेच मोडला तर आजवर घेतलेला सगळा खंड व्याजासह परत करावा लागतो. ही अट ऐकून पारावरचे हसू जरा कमी होईल.

शिवाय योजनेत न येणाऱ्यालाही कायद्याने बांधले. फार धुपणारी जमीन कसायची असेल तर संधारणाचा आराखडा पाळा, नाही तर शेतीची इतर सरकारी मदतही बंद. बक्षीस आणि धाक असे दोन्ही एकाच कायद्यात होते. याचा परिणाम दिसला: सरकारी मोजणीप्रमाणे १९८२ ते २००७ या काळात अमेरिकेच्या पिकाखालच्या जमिनीची धूप ४३ टक्क्यांनी घटली. ते सगळे श्रेय राखीव जमिनीचे नव्हे. कमी नांगरट आणि धसकटे रानात राखून पेरण्याची पद्धत यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

सिमरॉनसारख्या मुलखात शेतकऱ्यांनी योजनेला उड्या मारल्या. काही ठिकाणी एवढ्या की कायद्यातली दुसरी एक अट कामी आली: कोणत्याही काउंटीत पिकाखालच्या जमिनीच्या २५ टक्क्यांहून जास्त जमीन सहसा घ्यायची नाही. ही अट मातीसाठी नव्हती, गावासाठी होती. शेतकरी पेरत नाही तेव्हा बियाणे कोणी घेत नाही, डिझेल कोणी घेत नाही, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा रिकामा बसतो. जमीनमालक खंडाचा चेक घेऊन दूर शहरात राहायला गेला तर शाळेत मुले राहत नाहीत आणि देवळात माणसे. त्या भागातल्या व्यापाऱ्यांची ही तक्रार फार कडू होती. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००४ मध्ये देशभरचा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की जास्त जमीन राखीव झालेल्या काउंट्यांत पहिली काही वर्षे रोजगार मागे पडला, पण पुढच्या दशकात तो फरक मिटला. आणि वस्ती ओस पडण्याचे कारण ही योजना नव्हे. सिमरॉनपुरते बोलायचे तर १९३० मध्ये तेथे ५,४०० च्या आसपास माणसे होती. त्यांतली बरीच धुळीच्या दशकातच गेली. पुढे मोठी यंत्रे आली आणि एक कुटुंब पूर्वीच्या दहा कुटुंबांची शेते करू लागले. तरीही, सरासरी बरी निघाली म्हणून ज्याचे दुकान बंद झाले त्याचे दुकान उघडत नाही, हेही खरेच.

कुळाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. तेथे पुष्कळ जमीन खंडाने कसली जाते. सरकारचा खंड मालकाला मिळणार, मग कसणाऱ्याचे काय? कायदा म्हणतो की कुळाला त्याच्या वाट्याप्रमाणे पैसे मिळाले पाहिजेत आणि योजनेसाठी कुळाला काढता येणार नाही. पण मुदत संपलेला खंडाचा करार पुन्हा न करणे याला कोण काय म्हणणार? आपल्याकडे १९७४ नंतर कर्नाटकात कूळ कागदावर उरले नाही, पण तोंडी खंडाने दुसऱ्याचे रान करणारी माणसे गावोगाव आहेत. सरकारी मदत उताऱ्यावरच्या नावाला येते आणि बांधावर कुदळ मारणारा दुसराच असतो. आपल्या धर्मग्रामातसुद्धा यावरून दोन घरांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. पैसे येण्याआधी दोघांनी बसून वाटणी ठरवावी, आणि ती कागदावर करावी.

आता कसोटीचा काळ. २००७ मध्ये राखीव जमीन सर्वांत जास्त होती, देशभरात ३ कोटी ६८ लाख एकर. त्याच सुमारास मक्यापासून इंधन काढण्याचा कायदा झाला, मका-गव्हाचे भाव चढले, आणि ज्यांचे करार संपले त्यांतल्या कित्येकांनी पुन्हा नांगर घातला. संसदेनेही पैसा वाचवायला २०१४ मध्ये मर्यादा २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. म्हणजे १९७२ चीच गोष्ट? अगदी तशी नाही. २०११ ते २०१३ या काळात सिमरॉनच्या भागात भयंकर दुष्काळ पडला. धूळ उडाली, पिके गेली, गुरे विकावी लागली. पण १९३५ पुन्हा आले नाही. पुष्कळ माळ गवताखाली होता, आणि बाकीच्या रानात नांगरट पूर्वीसारखी राहिली नव्हती. दुष्काळात अशा राखीव रानांत गुरे चारायला आणि गवत कापायला सरकारने मोकळीक दिली, तेव्हा तेच पड रान चाऱ्याची कणगी ठरले.

पाण्याच्या बाबतीत मात्र तेथल्या अनुदानाने एक धडा शिकवला, तो आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या बंधूंनी ऐकावा. शेजारच्या कॅन्सस राज्यात जमिनीखालचे पाणी वाचावे म्हणून कमी पाण्यात भिजवणाऱ्या यंत्रांना सरकारने अनुदान दिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की उपसा कमी न होता वाढला. कसा? वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी जास्त पाण्याची पिके घेतली आणि जास्त रान भिजवले. पैसे यंत्राला दिले होते, पाणी जमिनीत ठेवण्याला नव्हते. ठिबक घ्याच, पण ठिबक आल्यावर उसाचे क्षेत्र वाढवले तर विहिरीला काय कळणार की तुम्ही पाणी वाचवता आहात?

आपल्याकडे या कामाचा इतिहास लहान नाही. हा भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा, १९४२ मध्ये, जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि विजापूर-सोलापूरकडच्या दुष्काळी मुलखात समपातळीचे बांध घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर निघाले. बांध समपातळीत जातो, शेताची हद्द तशी जात नाही. म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांना तो सरकारचा बांध वाटला, आपला वाटलाच नाही. एकाने पाभर फिरायला अडचण म्हणून फोडला, दुसऱ्याने दोन ओळी जास्त बसाव्यात म्हणून कोरला. उलट, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे काम उभे केले, तेव्हा बाहेरचा पैसा येण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, अशी अट होती. घाम गाळलेला बांध माणूस सहसा फोडत नाही.

अमेरिकेतही आता त्या दिशेने एक पाऊल पडले आहे. २०१४ च्या कायद्याने राखीव योजनेत गवताळ रानांचा नवा प्रकार घातला. त्यात गुरे चारण्याची मोकळीक आहे, फक्त जमीन नांगरायची नाही. खंड कमी, २०२१ मध्ये तो निदान एकरी तेरा डॉलर तरी असावा असे ठरले. आणि धुळीच्या वाडग्यातल्या काउंट्यांना अर्जात जादा गुण दिले गेले. २०२३ अखेर सगळ्या योजनेत मिळून सुमारे अडीच कोटी एकर होते आणि त्यांत या चराऊ रानाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होता. करार संपला तरी कुंपण, पाण्याची टाकी आणि गुरे शेतकऱ्याचीच राहतात. नांगर घालायचा तर ती गुरे विकावी लागतील, म्हणून तो दोनदा विचार करतो.

तुमच्या रानात पाणलोट योजनेतून बांध, सांडवा किंवा शेततळे झाले असेल, तर मृगाचा पहिला मोठा पाऊस उघडल्यावर खोरे घेऊन बांधावरून एक फेरी मारा. उंदराचे बीळ, खचलेली जागा, सांडव्यातून सुटलेला दगड त्याच दिवशी बुजवून घ्या. दुसऱ्या पावसात त्याची घळ होते, आणि घळ बुजवायला पुन्हा अर्ज करावा लागतो.